दोन्ही पाय डावे

माझा अँब्रोज पाच वर्षांचा झाला तरी फ्रॉकमध्येच हिंडत होता. आमच्या यॉर्कशायरच्या खेड्यात सगळीच लहान पोरं फ्रॉक घालतात, पण शाळेत जायचं तर मुलाला विजार हवी. रविवारी ती चर्चमध्ये मिरवायची आणि सोमवारी शाळा.

माझ्या थोरल्या नणंदबाई टॅबिथा गावातल्या निम्म्या मुलांचे कपडे शिवतात, त्यावरच त्यांचं पोट. त्या म्हणाल्या, "कापड आण गं, मी बेतून देते."

"नको वन्सं, मला काय हात नाहीत?"

चार टोपडी शिवली होती, तेवढ्यावर एवढा तोरा!

नवऱ्याचा लग्नातला कोट उसवला. मापाचा कागद ठेवून एक पाय कापला आणि तोच कागद तसाच ठेवून दुसरा. दुसऱ्या वेळी कागद उलटा करायचा असतो, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नाही. दोन्ही पाय डावे! कापड तर संपलेलं. मग एक पाय कापडाची उलटी बाजू वर करून जोडला. एक गुळगुळीत, गडद तपकिरी. दुसरा फिकट, खरबरीत. चर्चमध्ये अंधारच असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या रविवारी नेमकं लख्ख ऊन पडलं. बायकांनी तोंडाला रुमाल लावले. बाहेर आल्यावर शेजारच्या मर्सीनं विचारलंच, "अँब्रोज, कोणी रे शिवली ही?"

पोरानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "आत्यानं!"

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी आपली टोपीची नाडी नीट करत बसले.

संध्याकाळी वन्सं दारात उभ्या. "माझे डोळे गेले म्हणे?"

मला रडूच फुटलं. "चुकले मी वन्सं. तुम्ही काय सांगितलंत त्या बायकांना?"

"म्हटलं, हो बाई, हल्ली दिसत नाही नीट. पोराला खोटं कशाला पाडू? मर्सीनं तिच्या मुलाचं कापड परत नेलं, एवढंच."

एवढंच! मी तशीच उठले, अँब्रोजची विजार काखोटीला मारली आणि मर्सीचं दार ठोठावलं.

"दोन्ही पाय डावे कापणारी बाई मी आहे," मी म्हणाले. "हास काय हसायचं ते."

मर्सी पोट धरधरून हसली, तिनं नवऱ्यालाही बोलावून विजार दाखवली. मी उभीच राहिले. वन्संकडून नेलेलं कापड माझ्या हातात पडेपर्यंत तिथून हलले नाही.