हाताजोगी

मिस्त्रींनी पटाशी डाव्या हातात धरून उजेडाकडे तिरकी केली, एक डोळा मिटला आणि पात्याच्या पाठीवरून नजर हळूहळू टोकापर्यंत नेली. मग ती काउंटरवर इतकी अलगद ठेवली की दुकानदाराला त्यातच उत्तर मिळालं.

"पाठ सपाट नाही. मधे पोट आलंय हिला."

"वय झालं की येतंच, मिस्त्री," स्वतःच्या पोटावरून हात फिरवत दुकानदार म्हणाला.

"माणसाला. पटाशीला नाही."

शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती दुकानदाराकडे बघत नव्हती, आणि दुकानदारही तिची नजर चुकवत होता. सकाळी मिस्त्री आंघोळीला गेल्यावर तिनेच त्याला फोन केला होता. "भाऊ, आज हे पटाश्या घ्यायला यायचं म्हणतायत. चांगला माल दाखवू नका. मनासारखं मिळालं नाही की आपसूक परत फिरतील." मिस्त्रींना उभ्या आयुष्यात त्याने वाईट हत्यार विकलं नव्हतं. पण वहिनींचा आवाज कापत होता, म्हणून तो हो म्हणाला.

तिची भीती उगाच नव्हती. हिवाळ्यात मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू ताळ्यावर आला, जीभही वळायला लागली. उजवा हात मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखा कडेला पडून राहिला. एका दुपारी तिचा डोळा लागलेला पाहून मिस्त्री मागच्या कामाच्या खोलीत गेले, आणि डाव्या हाताने लाकूड तासायला गेले ते पटाशी मांडीत घुसवूनच बाहेर आले. जखम भरली. पण तिने त्यांच्या सगळ्या पटाश्या जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकल्या. मिस्त्रींनी त्यावर ब्र काढला नाही. तिला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. आणि काल जेवता जेवता ते एकदम म्हणाले, "उद्या नव्या पटाश्या आणू."

"घरच्या काय वाईट आहेत?" ती बोलून गेली आणि जीभ चावली.

"त्या माझ्या हाताच्या आहेत. राहू देत माळ्यावर."

म्हणजे उजव्या हाताच्या, असं तिने मनाशी जुळवलं. आता यांना डाव्यासाठी हव्यात. माणूस ऐकणार नाही.

मिस्त्रींनी दुसरी पटाशी उचलली, पात्यावर टिचकी मारून कानाशी नेली. "बसका आवाज. पोलाद मऊ आहे." तिसरीची मूठ पकडून हलवून पाहिली. "मुठीतला हिचा दात आत्ताच हलतोय. दुसरं काही नाही?"

"सध्या... हेच आलंय," दुकानदार म्हणाला आणि स्क्रूच्या पुड्या, नीट लावलेल्याच, पुन्हा लावायला लागला.

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. मग जरा पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "धंदा बरा चाललाय ना? काही अडचण असेल तर सांग बाबा. असला माल तू ठेवणारा नव्हेस."

दुकानदाराचे कान लाल झाले. त्याने असहायपणे वहिनींकडे पाहिलं. वहिनी पिशवीचा बंद उलगडण्यात गढून गेल्या होत्या.

"अगं, इकडे ये जरा," मिस्त्री तिला म्हणाले. "ही धर."

"मी?"

"पातं वाईट आहे, पण माप कळेल. धर. अशी आवळू नकोस, ती काही पळून जात नाही. बोट वर घे. हं. मनगटाला भार होतोय?"

"मला होऊन काय उपयोग? तुमच्या डाव्या हाताला होतोय का ते बघा."

"माझ्या डाव्या हाताला चमचा तोंडापर्यंत नेता येतो, तेवढं त्याला पुष्कळ झालं." त्यांनी तिच्या हातातली पटाशी काढून दुसरी ठेवली. "माझ्यासाठी कोण घेतंय?"

ती हातातल्या मुठीकडे बघत राहिली.

"स्वयंपाकघरातली खिडकी," मिस्त्री दुकानदाराला सांगायला लागले, जणू ती तिथे नव्हतीच. "दोन वर्षं अडकत होती. हिने रोज सांगायचं आणि मी रोज उद्या म्हणायचं. मी इस्पितळातून घरी आलो तर खिडकी एका बोटाने उघडते! विचारलं, कुणाला बोलावलंस? तर म्हणे, सुरीने खरवडली. सुरीने! मी जवळ जाऊन बघितली. जिथे घासत होती तेवढंच लाकूड काढलंय, केसभर जास्त नाही."

"त्यात काय एवढं," ती पुटपुटली.

"त्यातच सगळं असतं. माझ्या हाताखाली किती पोरं येऊन गेली, कुठे थांबायचं ते एकालाही शिकवता आलं नाही मला." ते तिच्याकडे वळले. "तुला नको असेल तर नको. जाऊ घरी."

तिने पटाशी काउंटरवर ठेवली. पदराने तळहात पुसला. चाळीस वर्षं त्या खोलीत ती चहा घेऊन गेली होती, भुसा झाडायला गेली होती. आणि चहा देऊन लगेच न परतता उंबऱ्यात का रेंगाळायची, हे तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "आतला माल काढा."

दुकानदार असा उठला की त्याचं स्टूल पडलं. मिस्त्रींनी आत पळणाऱ्या त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"अस्सं," ते म्हणाले. तिने मान खाली घातली. पण मिस्त्रींचे खांदे हलत होते, आणि शेवटी तिलाही हसू आवरेना.

तेलकट कागदातून निघालेल्या पटाश्यांच्या आरशासारख्या पाठीत छतावरच्या पंख्याची पाती सरळ, न वाकता फिरताना दिसली. दुकानदाराने लाकडाचा तुकडा पुढे केला. तिने अंदाजाने पातं टेकवलं, ढकललं, आणि कांद्याच्या सालीइतकी पातळ ढलपी वळत वर आली. ती तिने पिशवीत टाकली, कुणाला न दाखवता. लहान मुठीच्या तीन निवडल्या.

पुढचे दिवस कामाच्या खोलीतून मिस्त्रींचाच आवाज यायचा. कोन बघ. खांदा वापर. अगं, लाकडाशी भांडू नकोस, त्याला विचार. पहिले दोन सांधे फुटले. तिसरा सैल बसला, तेव्हा तिने पटाशी खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, जरा गप्प बसता का?"

मिस्त्री दाराशी जाऊन बसले. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. चौथा सांधा तिने लाकडी हातोड्याच्या दोन हलक्या ठोक्यांत बसवला आणि त्यावरून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. दाराशी मिस्त्री भिंतीला टेकून निवांत बसले.

तेवढ्यात एक अनोळखी बाई पत्ता विचारत दाराशी आल्या. हातात खुर्चीचा निखळलेला पाय.

"इथे मिस्त्री राहतात ना? काम फार नेटकं असतं म्हणे त्यांचं."

आत पटाशीचा आवाज थांबला.

मिस्त्रींनी डाव्या हाताने स्टूल ओढून पुढे केलं.

"मिस्त्री कामात आहेत," ते म्हणाले. "बसा, येतील इतक्यात."

मग आत पटाशीचा आवाज पुन्हा सुरू झाला, अगदी सावकाश.