पू न झालेली जखम

भिंगरीचा गुडघा खरचटला तेव्हा बापाने स्वतः पट्टी बांधली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस तो. घरात दुसऱ्या कुणाचं ऐकणार थोडाच!

आठवडा उलटला तरी जखम भरेना, ताप उतरेना. पू मात्र टिपूसभरही नव्हता. "बघ, कशी स्वच्छ ठेवलीय," तो बायकोला म्हणाला.

"मला लक्षण ठीक दिसत नाही. मोठ्या इस्पितळात नेऊ या हो."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणत त्यानेच लेकीचं रक्त काचेवर घेऊन तपासलं. पांढऱ्या पेशी नेहमीच्या चौपट! "केवढी फौज उभी आहे. दोन दिवसांत बरी होईल," त्याने घरी येऊन सांगितलं. घरच्या माणसाचं रक्त दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं, हा नियम नवशिक्यांना शिकवणारा हाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दोनाचे पाच दिवस झाले. पोर डोळे उघडेना, तेव्हा कुठे इस्पितळ गाठलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला खाटेशेजारी बसवलं.

"पांढऱ्या पेशी जखमेत उतरल्या तर पू होतो. उतरण्याआधी त्यांना रक्तवाहिनीची भिंत धरावी लागते. त्यांच्या अंगावरची एक साखर ते काम करते. हिच्या पेशींवर ती जन्मापासूनच नाही. त्यामुळे फौज रक्तातच फिरत राहते, जखमेत पोचत नाही."

"पू नाही म्हणून मी खूश होतो," तो म्हणाला.

"ती साखर पोटातून देऊन बघता येते. मागवलीय. पण फार उशीर केलात हो."

इस्पितळात जराशी शुद्धीवर आलेल्या, कडू औषधांना विटलेल्या भिंगरीने त्यातलं साखरेचं तेवढं ऐकलं. "बाबा, हे औषध गोड आहे?"

"साखरच आहे गं."

"मग मी थुंकणार नाही."

साखर आली ती वरातीमागून घोडं. भिंगरीला जाऊन चार दिवस झाले होते.

बायकोने त्याला एका शब्दानेही बोल लावला नव्हता. लावला असता तर त्याला रडता तरी आलं असतं. तिने बाटलीचं झाकण काढलं आणि चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली.

"गोड आहे हो," ती म्हणाली. "थुंकली नसती."