गाळलेल्या ओळी

आफ्रिकेतल्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारी माणसं एका मेलिंग लिस्टवर एकमेकांना अडचणी विचारत. तिथे प्रश्न टाकायचा म्हणजे सासरी पहिला स्वयंपाक करण्यासारखं होतं. विषयात 'तातडीचं' असं लिहायचं नाही, तातडी सगळ्यांनाच असते. खुशाली विचारत बसायचं नाही. आधी जुनी पत्रं चाळायची. बिघाडाआधी आपण काय उद्योग केले ते सांगायचं. आणि मशीन स्वतःची जी नोंद ठेवतं, जिला ही मंडळी लॉग म्हणत, ती जशीच्या तशी चिकटवायची, एक ओळही न गाळता. हे नियम नैरोबीच्या न्देरितूंचे. म्हातारा मदत फुकट करायचा आणि अपमानही फुकट करायचा. एकाने नुसतंच 'चालत नाही, मदत करा' असं लिहिलं, तेव्हा त्यांनी उत्तर धाडलं, "माझाही गुडघा चालत नाही. पुढे?"

तमांदा म्सोवोयाला हे नियम तोंडपाठ होते. मलावीत, तळ्याकाठच्या एका मिशन हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात होतं. एचआयव्ही असलेल्या आयांच्या तान्ह्या बाळांचं रक्त तपासायला राजधानीला जाई. नमुन्याचे नंबर, निकाल, औषधं, सगळं सर्व्हरमध्ये. कागदी रजिस्टरं मोठ्या तोऱ्यात बंद केलेली. सर्व्हरला दोन डिस्क होत्या. दोन्हींवर तेच लिहिलं जाई, एक दगावली तर दुसरी असावी म्हणून.

त्या सोमवारी सर्व्हर उठेना. दोन्ही डिस्कवरचा मजकूर जुळत नाही, एवढंच तो सांगे. तमांदाने लॉग उघडला आणि एका तारखेवर तिचे डोळे थिजले. तीन आठवड्यांपूर्वीचा शनिवार. तिच्या भावाचं, वेझीचं, लग्न.

तिकडे लग्नात पाहुणे नाचत नाचत नवरा-नवरीवर नोटा उधळतात, आणि गाणं थांबलं की नोटाही थांबतात. वीज तर कधी जाईल याचा भरवसा नव्हता. वेझी तिच्या मागेच लागला होता.

"ताई, सर्व्हरच्या बॅटऱ्या दे ना एका दिवसापुरत्या. शनिवारी कोण बघतंय?"

"आणि दवाखान्यात लाईट गेली तर?"

"जाईल आणि येईल. माझं लग्न परत येणारे का?"

तिने दिल्या. लाईट गेली, आली. सर्व्हर मधेच धाडकन पडला आणि परत उठला. रविवारी तिने बॅटऱ्या गुपचूप जागेवर लावल्या. कोणाला पत्ता नव्हता. लॉगला तेवढा होता.

आता हे सगळ्या आफ्रिकेसमोर मांडायचं? लिस्ट दवाखान्यातले वरिष्ठही वाचत. तमांदाने पत्रासाठी लॉगची प्रत काढली आणि तिच्यातल्या त्या शनिवारच्या ओळी पुसून टाकल्या. तारीख दिसली तेवढ्यानेच तिला लाज वाटली, पुढे काय लिहिलंय ते तिने वाचलंच नाही. बाकी प्रश्न मात्र तिने अगदी नियमाबरहुकूम मांडला. 'आधी मी काहीही केलं नव्हतं' असंही लिहिलं.

न्देरितूंचं उत्तर तासाभरात आलं. "इतका नीट प्रश्न फार दिवसांनी वाचला. बाकीच्यांनी शिका जरा. तुमची दुसरी डिस्क बिघडलीय. पहिलीवरचं दुसरीवर उतरवा."

तिने उतरवलं. सर्व्हर उठला. रीतीप्रमाणे तिने लिस्टवर कळवलं, 'सुटलं. न्देरितूंनी सांगितलं तसंच केलं.' त्या संध्याकाळी ती गाणं गुणगुणत घरी गेली, कौतुक कोणाला नको असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर न्यिरोंगो दवाखान्यात तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली. बाळांचा वॉर्ड तिच्याकडे होता.

"तमांदा, माझी नवीन बाळं कुठं गेली?"

"कुठली?"

"तीन आठवड्यांतली. एकही दिसत नाही. त्यातल्या तिघांना तरी लागण आहे, एवढं मला आठवतंय. नावं नाही आठवत गं. आज त्यांच्या आयांना निरोप धाडायचा होता."

तमांदाने जपून ठेवलेला मूळ लॉग काढला आणि प्रतीतून पुसलेल्या ओळी आता पहिल्यांदा पुऱ्या वाचल्या. त्या शनिवारी पहिली डिस्कच बाजूला पडली होती. तेव्हापासून सगळं एकटी दुसरी लिहीत होती. तमांदाने शिळं ताज्यावर उतरवलं होतं. राजधानीच्या प्रयोगशाळेला फोन केला तर ते म्हणाले, नमुन्यांचे नंबर सांगा. नंबर त्या तीन आठवड्यांबरोबरच गेले होते.

"त्या केनियाच्या म्हाताऱ्याने बुडवलं आपल्याला," सिस्टर म्हणाली.

तमांदा काही बोलली नाही. ते न बोलणं तिला फार सोपं गेलं, आणि त्याचीच तिला किळस आली.

दुपारी लिस्टवर चिपाता गावच्या सकाला नावाच्या गृहस्थाचं पत्र आलं. सीमेपलीकडे झांबियात त्याचाही असाच दवाखाना. बाईमाणसाला तो मानाने 'आमाई' म्हणे. 'नियमाप्रमाणे जुनी पत्रं आधी चाळली,' त्याने लिहिलं होतं. 'आमची तक्रार अगदी आमाई तमांदांसारखीच आहे आणि त्यांचं सुटलंय. म्हणून लॉग टाकून कोणाचा वेळ घेत नाही. कोणाची हरकत नसेल तर संध्याकाळी मीही तेच करतो.'

न्देरितू गप्प होते. प्रवासात असतील. हरकत घेऊ शकेल असं दुसरं माणूस एकच होतं. तमांदाने 'थांबा' एवढं लिहिलं आणि पुसलं. थांबा म्हटलं की का ते सांगावं लागणार. का सांगितलं की बॅटऱ्या आल्या, लग्न आलं, सिस्टरचा चेहरा आला. सकालाच्या डिस्कचं वेगळंही असू शकेल, तिने स्वतःला समजावलं. संध्याकाळ होईपर्यंत ती समजावत राहिली.

सकाळी तिने सगळं लिहिलं. बॅटऱ्या, लग्न, पुसलेल्या ओळी. पुरा लॉग जोडला आणि पत्र धाडलं.

सकालाचं उत्तर आलं. 'आमाई, काल संध्याकाळीच केलं. आमच्याकडेही पहिलीच जुनी निघाली. पाच महिन्यांच्या नोंदी गेल्या. खरं सांगितलंत, आभारी आहे.'

त्याखाली न्देरितूंची एकच ओळ होती. 'हे पत्र काल दुपारी का आलं नाही?'

बाहेर व्हरांड्यात सिस्टरने बाळांचं रक्त परत घ्यायला सापडतील तेवढ्या आया पुन्हा बोलावून बसवल्या होत्या. दुरून आलेल्या एकीने विचारलं, "एकदा टोचलं होतं ना, परत कशाला?" सिस्टरने तमांदाच्या खोलीकडे बोट केलं. बाळाला पाठीशी आवळून बाई उठली आणि विचारायला आत आली.