रुपेशच्या फोटोशेजारचा क्रूस

कारंजाजवळच्या ढाब्यावर गाडी घासल्याच्या वादातून चौघांनी रुपेशला मारून टाकलं. त्या चौघांना जामीन मिळाला, त्या दुपारी त्याचे वडील बापूराव कोर्टातून घरी आले, तर बायकोनं पोराच्या फोटोशेजारी लाकडी क्रूस टांगलेला. सुलोचना वर्षभरापासून चर्चमध्ये जायची. तेवढं त्यांनी खपवून घेतलं होतं.

"माणसाले खिळे ठोकून मारायचं लाकूड माह्या पोराजवळ काऊन लावलं?" ते ओरडले. "तुह्या देवाले सोताले वाचवता आलं नाई!" त्यांनी क्रूस ओढून अंगणात फेकला.

सुलोचनानं आजवर त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. "नाई वाचला तो!" ती किंचाळली. "रुपेशसारखाच मार खाऊन मेला, म्हणूनच माहा हाय. मारणाऱ्यांच्या बाजूचा देव मले नको! अन् तो मेला, पण उठला."

"आपला रुपेश उठला काय?"

"उठन," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"मले उठवणारा नाई पाहिजे. न्याय पाहिजे."

"मलेबी पाहिजे. उद्या वकिलाकडे मीबी येईन."

तिनं क्रूस उचलला, माती पुसली आणि पुन्हा टांगला. बापूराव रागातच होते, पण त्यांनी क्रूसाला पुन्हा हात लावला नाही.