ओ द्यायची नाही

उंच उडीची आडवी काठी पाच फूट चार इंचांवर होती. गोऱ्या मुलींच्या सगळ्या उड्या फसल्या होत्या. व्हर्डेलनं ही काठी पार केली की ती बावन्नच्या ऑलिंपिकच्या निवडीला जाणार. अख्ख्या काउंटीतून तिथवर पोचलेली पहिली काळी मुलगी. आणि बया नुसती उभी होती. दोन संधी तिनं तशाच उभ्याउभ्या घालवल्या होत्या, आता शेवटची उरली होती.

"ए पोरी! तुझी पाळी!" पंच स्टॅनफिलसाहेब भोंग्यातून ओरडले. गोऱ्या मुलींना ते मघापासून "मिस कॅलोवे", "मिस हार्डिन" म्हणत होते. काळ्या बाईला मिस म्हटलं तर टेक्सासात बहुधा जीभ झडते.

दोरीपलीकडच्या काळ्यांच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. टेम्पीनं शेजारी बसलेल्या ओझेलाला, व्हर्डेलच्या आईला, कोपरानं ढोसलं. "अगं, काय खूळ भरलंय तुझ्या लेकीच्या डोक्यात? दीड मिनिटात उडी नाही मारली तर बाद होईल ना!"

खूळ कुठून आलं ते ओझेलाला पक्कं ठाऊक होतं. जो मानानं हाक मारत नाही त्याला ओ द्यायची नाही, हे तिनंच पोरीला पढवलं होतं. परवा मक्याची भाकरी थापताना व्हर्डेलनं विचारलं होतं, "मग तू का गं देतेस ओ?"

ओझेला तव्यावरची भाकरी उलटत राहिली होती. एकोणीस वर्षं ती याच स्टॅनफिलसाहेबांकडे इस्त्रीला जात होती. तिथं शेंबडं पोरसुद्धा तिचं नाव न घेता, कुठल्याही काळ्या मोलकरणीला म्हणतात तसं 'आँटी' म्हणून हुकूम सोडी, आणि ती 'आले हं' म्हणत धावे. घर त्यावरच चालत होतं. पण लाज वाटायची ती वाटायचीच.

"तीस सेकंद उरले!" भोंगा ओरडला.

ओझेला उठली. टेम्पीनं तिचा झगा ओढला. "बस खाली! साहेब बघतायत!"

"बघू देत." प्रार्थनेत गाऊन कमावलेला आवाज तिनं मोकळा सोडला. "मिस व्हर्डेल टॉलिव्हर! तुमची पाळी आहे!"

अख्ख्या मैदानाच्या माना तिच्याकडे वळल्या.

"आले!" व्हर्डेल म्हणाली आणि धावत सुटली. काठी हललीसुद्धा नाही.

सगळी बाकं उठून नाचू लागली. स्टॅनफिलसाहेब तरातरा दोरीपाशी आले. "आँटी!" ते गरजले. "आँटी, इकडे ये!"

ओझेला लेकीसाठी टाळ्या वाजवत राहिली. तिनं ओ दिली नाही.