परवा आलेली माणसं

जोयाचा निबंध चर्चासत्रात वाचला गेला, टाळ्या पडल्या आणि तिची पीएच.डी. मार्गी लागली. आता हे वाक्य विसरा. असं काही झालेलंच नाही. जोया अजून सोलापुरातल्या घराच्या पायरीवर बसलीय, हातातल्या मोबाईलवर नकाराचा ईमेल आहे आणि तो तिला अतिशय सभ्य भाषेत सांगतोय की तिला स्वतःच्याच घराण्याबद्दल चुकीची माहिती आहे.

आपला निबंध वाचनीय आहे, असं त्यात लिहिलं होतं. परंतु आपलं कुटुंब सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्याचं आपण म्हणता, ते या विषयावरच्या प्रमाण ग्रंथाशी जुळत नाही. ग्रंथानुसार आपण नुकतेच आलेले आहात. तरी योग्य ती दुरुस्ती करावी. दुरुस्ती निबंधात करायची की कुटुंबात, याचा खुलासा नव्हता.

नियम असा होता की असा एक निबंध राष्ट्रीय चर्चासत्रात वाचल्याशिवाय पीएच.डी.ची पुढची पायरी चढता येत नाही. म्हणजे जोयाला शिक्षण पुढं न्यायचं असेल तर आधी आपण परवाच आलो हे कबूल करावं लागणार होतं.

या सगळ्याच्या मुळाशी तिचे आजोबा होते. गैबीसाब पेंटर. चिंचोळी एमआयडीसीतून सुटणाऱ्या ट्रकांच्या पाठी रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार लिप्या त्यांना येत आणि चारही लिप्यांत ते सारख्याच आत्मविश्वासानं चुकत. कुठल्याच भाषेवर त्यांनी अन्याय केला नाही. दुधनीच्या एका ट्रकवर त्यांना कन्नडमध्ये 'देवाची कृपा' लिहायचं होतं. एक अक्षर घसरलं आणि 'देवाचा बेडूक' झाला. मालकानं तो पुसू दिला नाही, कारण त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही.

तर या गैबीसाबांकडे मागे एक संशोधक बाई आल्या होत्या. डॉक्टर मारिया, मूळच्या वसईच्या, स्थलांतर या विषयातलं मोठं नाव. दारात त्यांना दिसली टोपी आणि पांढरी दाढी, तेव्हा त्यांनी हिंदीत सुरुवात केली. गैबीसाबांना दिसले कापलेले केस आणि ऐकू आलं मारिया हे नाव. बिचारीला मराठी कुठलं येणार, असं मनाशी म्हणून तेही हिंदीत शिरले. खरं तर ही दोन माणसं मराठीत कडाकडा भांडू शकली असती. पण सौजन्य म्हणून दोघंही तासभर हिंदीत ठेचकाळत राहिली.

बाईंनी विचारलं, "आपका परिवार सोलापुर में कब आया?"

गैबीसाब म्हणाले, "परसों आए की."

आता सोलापूरच्या दखनी उर्दूत 'परसों' म्हणजे नेमकं काय, हे सोलापुरात कुणी कुणाला सांगत नाही. काल नव्हे ते सगळं परसों. मागच्या ईदला शिवलेला सदरा परसोंचा, पणजोबांचा निकाह परसोंचा आणि बहामनी सुलतान गेले तेही परसोंच. बाईंनी मात्र शब्दकोशाप्रमाणे अर्थ लावला. बाईंच्या त्याच प्रमाण ग्रंथात गैबीसाबांवर स्वतंत्र प्रकरण आलं. परदेशांत ते नावाजलं गेलं, कारण आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत चार भाषा बोलू लागलेलं आणि गल्लीतल्या सगळ्यांशी पाण्यावरून भांडून झालेलं कुटुंब जगात दुसरीकडे आढळलं नव्हतं. या चमत्काराला बाईंनी 'शीघ्र सामीलीकरण' असं नाव दिलं होतं.

जोयानं चूक कळवली, तर चर्चासत्राच्या समितीनं पुरावा मागितला. जोयानं आजोबांना विचारलं, दादा, आपण नेमके कधी आलो? ते ब्रश धूत होते. बाईंना सांगितलंय की एकदा, म्हणाले, परसों. पुन्हा कायकू विचारतेस.

मग ती तिच्या मार्गदर्शकांकडे गेली. धर्मपाल सर मराठी विभागाचे प्रमुख. त्यांचं भाषण ऐकलं तर छापील पुस्तक बोलतंय असं वाटे. फक्त राग आला की त्यांच्या तोंडी माढ्याची बोली यायची. त्यांनी ईमेल दोनदा वाचला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, छापून आलंय म्हणजे तुम्ही परवाच आलात. मग जरा पाहुण्यासारखं वागत जा, माझ्या कपाटातली पुस्तकं न विचारता नेत जाऊ नका.

जोया हसली नाही. निबंधात एक ओळ बदलून टाकू का, असं तिनं विचारलं. एका ओळीनं काय होतंय.

सरांनी चष्मा काढला. "आमच्याबद्दलबी लई वर्सं दुसऱ्यांनीच लिवलं, पोरी. आमी कोण, कुटनं आलो, कसं बोलतो, सगळं. मग आमच्या माणसांनी पेन धरला. तवा कुटं खरं काय ते कागदावर आलं. एक ओळ बदलायची न्हाय. हाय तसं वाचायचं."

सत्राच्या अध्यक्ष खुद्द मारिया मॅडमच होत्या. सरांनी त्यांना फोन करून जोयासाठी पाच मिनिटं मागून घेतली. मॅडम हो म्हणाल्या, पण निबंध मान्य करायचा की नाही ते ऐकून ठरवू, असंही म्हणाल्या.

चर्चासत्राच्या दिवशी गैबीसाब इस्त्रीचा सदरा घालून दुसऱ्या रांगेत बसले. व्यासपीठामागच्या फलकावर 'सांस्कृतिक विवधता' असं छापलेलं होतं. ते बघून त्यांना अगदी घरच्यासारखं वाटलं.

जोया उभी राहिली आणि मराठीत वाचायला लागली. घरात दखनी, शेजारी तेलुगू, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी असं ऐकत वाढलेल्या मुलीची मातृभाषा कोणती, असा तिचा प्रश्न होता आणि सोलापूर, असं तिचं उत्तर होतं. वाचता वाचता ती 'परसों'पाशी आली. त्याचा खरा अर्थ तिनं सांगितला तेव्हा मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. माझ्याकडे आजोबांची मुलाखत आहे, म्हणाल्या, रेकॉर्ड केलेली. मग दुसऱ्या रांगेकडे वळून त्यांनी पुन्हा हिंदीतच विचारलं की बाबा, ठीक-ठीक बताइए, कब आए थे.

"परसों," गैबीसाब म्हणाले.

जोयानं दादांकडे डोळे वटारून पाहिलं. पण मॅडमचं लक्ष सभागृहाकडे गेलं. कुणी हसत नव्हतं. सगळे माना डोलवत होते, कुणी आजचं हवामान सांगावं तशा. इतिहास शिकवणाऱ्या दाक्षायणी मॅडम जागेवरूनच म्हणाल्या की बरोबर आहे, आमचं घराणंही अक्कलकोटाकडून मोन्नेच आलं, आणि कन्नडमधलं मोन्ने म्हणजे परवाच. मागच्या रांगेतून व्यंकटेश कोंडांनी हात वर केला. त्यांचं अख्खं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं होतं. आम्ही पद्मशाली तेलंगणातून मोन्न आलो, त्यांनी सांगितलं, मोन्न म्हणजे तेच ते. धर्मपाल सर म्हणाले, माढ्याहून आम्हीही परवाच. पाहता पाहता अख्खं शहर परवा आल्याचं निष्पन्न झालं. काल आलेला एकही माणूस सापडेना.

एवढ्यात पहिल्या रांगेतले शाल पांघरलेले पाहुणे उठले. चर्चासत्राला देणगी त्यांचीच होती. ते गोड हसत म्हणाले, "आलात ते कळलं. परत कधी जाणार तेवढं सांगा."

धर्मपाल सर अर्धवट उठले, तोंडात माढा तयार होता. पण गैबीसाब त्यांच्या आधी उभे राहिले होते. त्यांनी सदरा नीट केला आणि स्वच्छ मराठीत सांगितलं:

"जाणार की. परवा."

आधी कोंडा हसले. मग दाक्षायणी मॅडम. मग सगळं सभागृह असं हसलं की बाहेर चहावाल्याला जेवणाची सुट्टी झाली असं वाटलं आणि तो किटली घेऊन आत आला. परवा मागं किती लांब जातो ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढंही तो तेवढाच लांब जातो, हे पाहुण्यांना सोडून सगळ्यांना कळलं. तेही सोलापूरचेच असल्यामुळे पाचेक मिनिटांनी त्यांनाही कळलं.

मारिया मॅडम हसत नव्हत्या. त्या गैबीसाबांकडे बघत होत्या.

"तुम्हाला मराठी येतं?"

"तुमाला येतं व्हय?"

"मग त्या दिवशी हिंदीत का बोललात?"

"तुमी बोलला म्हणून. म्हणलं, पाहुण्याला अवघडल्यासारखं व्हायला नको."

मॅडमनी माईक जवळ ओढला. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, प्रश्न मराठीत विचारला असता तर उत्तर मलाही समजलं असतं. वसईला आमच्या घरीही परवा तेवढाच जुना असतो. मी दारात टोपी पाहिली आणि भाषा बदलली, चूक तिथंच झाली. मग त्या जोयाकडे वळल्या. "पाच मिनिटांचं राहू द्या. पूर्ण वाचा."

जोयानं पूर्ण वाचला. शेवटच्या पानावर तिचा आवाज इतका खणखणीत झाला की गैबीसाबांनी शेजारच्या अनोळखी प्राध्यापकाला कोपरानं ढोसून सांगितलं, ही माझी नात. प्राध्यापक मान हलवेपर्यंत त्यांनी तीनदा सांगितलं. टाळ्या पडल्या आणि मॅडमनी निबंध मान्य असल्याचं तिथल्या तिथं जाहीर केलं.

राहिला ग्रंथ. नव्या आवृत्तीत दुरुस्ती करायला मॅडम तयार होत्या, पण प्रकाशक म्हणाला, शब्दकोशात परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस. यापेक्षा मोठा परवा छापायचा असेल तर शासनाची मान्यता आणा. तेव्हा जोया कागद घेऊन बसली. गैबीसाबांनी सहीच्या जागी चार लिप्यांत आपलं नाव लिहिलं, दोन ठिकाणी बरोबर.

प्रति, मा. सचिव, कालगणना विभाग (असल्यास). विषय : 'परवा' या शब्दाची लांबी वाढवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, सोलापूर शहरातील सर्व रहिवासी परवा आलेले असून परवा जाणार आहेत. सबब, सदर परवाची शासकीय लांबी मागील बाजूस किमान सहाशे वर्षे व पुढील बाजूस अमर्याद मंजूर करण्यात यावी, आणि तसा आदेश परवापर्यंत निर्गमित व्हावा, ही नम्र विनंती.