पाणी मोजणारी

रुख्मिणीला दाखवायची ही कितवी खेप, हे दिनकररावांनी मोजणं सोडलं होतं. ताडकळसच्या शाळेत उभी हयात गणित शिकवलेल्या या मास्तरांना पोरीची नोकरी मात्र एकाही पाहुण्याला पटवता आली नव्हती. ती हैदराबादला एका सरकारी कचेरीत होती. उपग्रहाकडून आलेले आकडे बघून हिमालयातल्या बर्फात पाणी किती, ते काढायची. एवढं ऐकलं की पाहुणे एकमेकांकडे बघत, चहा संपवत आणि 'कळवतो' म्हणून जे जात ते जातच. मास्तर थकले बिचारे. या वेळी त्यांनी नुसतंच सांगून टाकलं, "पोरगी पाणी मोजायच्या खात्यात हाय." यात खोटं ते काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मुलाचे वडील सूर्यभानराव भलतेच खूश होते. पोरगी पसंत, नोकरीलाही ना नाही. सुपारीचं खांड तोंडात टाकत ते म्हणाले, "मास्तर, आमचं शेत कालव्याच्या पार टेलाला, शेवटच्या टोकाला. वरचेच समदं पाणी घ्यायलेत. सूनबाईनं सायबाला सांगून पाण्याची एक पाळी आमच्याकडं सोडली, म्हंजे भागलं."

 'होईल की' म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात रुख्मिणी बोलली.

"मामा, कालवा माझ्या हातात न्हाई. मी हिमालयातल्या बर्फातलं पाणी मोजते. मूठभर ज्वारीच्या सूपभर लाह्या होतात ना? बर्फ तसाच. ढीग लय दिसतो, पण पाणी किती निघंल ते ढिगावरून कळत न्हाई. जमिनीतून निघणारे किरण बर्फातून वर येताना कमी होतात. किती कमी झाले ते उपग्रह टिपतो, त्यावरून आमी पाण्याचा अंदाज काढतो. उन्हाळ्याआधी धरणवाल्यांना सांगतो."

"म्हंजे ढीग न्हाई, दाणे मोजायचे," सूर्यभानराव लगेच म्हणाले. "हुशार हाय पोरगी." मग उपरणं झटकून उठले. "पण मास्तर, आमाला टेलाला पाणी पायजे होतं. राम राम."

मास्तर ओसरीवर तसेच बसून राहिले. स्थळ गेलं याचं दुःख होतंच. पण हे पाणी मोजतात कसं, ते परक्या माणसाला बसल्या जागी कळलं आणि आपण ते आज पहिल्यांदा ऐकलं, याचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

"दादा, माझ्या कामाची लाज वाटती का तुमाला?" रुख्मिणीनं वडिलांना विचारलं.

"लाज न्हाई गं. लोकांना सांगून सांगून थकलो."

"काय सांगत होता? मला तर कधी इचारलंच न्हाई तुमी."

मास्तरांनी मान खाली घातली. "चुकलं माझं. आता सांग, बाई. पहिल्यापासून सांग."

रुख्मिणी रिकाम्या कपबश्या गोळा करत होती.

"आज नको, दादा," ती म्हणाली. "आज मी लय दमले."